जुन्या ड्यून बगीला 1600 सीसीचे इंजिन जोडताच क्रँक अडकत असेल तर : माझा अनुभव

कॅलिफोर्नियातली माझी ड्यून बगी (वाळूवर चालवायची हलकी, उघडी गाडी) 1965 च्या फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या चॅसीवर म्हणजे सांगाड्यावर बांधलेली असून, तिच्या थकलेल्या 1200 सीसी इंजिनाऐवजी मी 1600 सीसीचे ड्युअल-पोर्ट (प्रत्येक सिलिंडरला हवा घेण्याचे स्वतंत्र तोंड असलेले) इंजिन निवडले. परंतु इंजिन गिअरबॉक्सला जोडणारे चारही नट आवळताच क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली हाताने फिरेनाशी होई. क्लच-प्लेट पुन्हा मध्यावर आणली, नट ढिले ठेवून पाहिले, दोन शनिवार वाया गेले.

उलगडा फ्लायव्हीलचे (क्रँकच्या टोकावरच्या जड दातेरी चाकाचे) दात मोजल्यावर झाला. सहा व्होल्टच्या जुन्या फ्लायव्हीलला 109 दात असतात, 12 व्होल्टच्या नव्याला 130, आणि त्याचा मोठा घेर जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडात मावत नाही. म्हणून प्रथम कीस आत जाऊ नये म्हणून गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती चिंध्या कोंबल्या, फ्लायव्हीलच्या कडेला निळी शाई लावून इंजिन टेकवले आणि गिअरबॉक्सच्या तोंडात जिथे डाग उमटला तेवढाच भाग ग्राइंडरने थोडाथोडा घासला. नंतर 12 व्होल्टचा स्टार्टर घेतला. त्याचा शाफ्ट बारीक असल्याने जुना बुश (शाफ्टचे टोक ज्यात फिरते ती धातूची नळी) काढून लहान भोकाचा ठोकला. 200 मिलिमीटरची प्रेशर-प्लेट (क्लच-प्लेट दाबून धरणारा भाग) मधोमध गोल कडे असलेलीच घ्यावी, कारण जुने रिलीज-बेअरिंग (क्लच दाबल्यावर तो सोडवणारे बेअरिंग) त्या कड्यावरच टेकते. शेवटी नट आलटून-पालटून आवळताना प्रत्येक फेरीनंतर पुली फिरवून पाहिली. कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) आणि दिवे अर्थातच 12 व्होल्टचे करावे लागले.