कोल्हापुरातनं जपानी हायस्कुलात इंग्रजी शिकवायला जायचं तर

आधी कागदपत्रांचं बोलू. सरकारी वाट म्हणजे जेट कार्यक्रम, परदेशी पदवीधरांना शाळांत नेमायचा जपान सरकारचा, १९८७ पासून चालू असलेला. पदवी पाहिजेच, विषय कुठलाही चालतो. मी शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी., तेही रसायनशास्त्र. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे, जाणं पुढच्या जुलै-ऑगस्टात. भारतातनं मोजकीच माणसं घेतात, म्हणून खासगी कंपन्यांकडनं जाणारेही बरेच. खरी अडचण दुसरीकडे आहे. शाळेतल्या भाषाशिक्षकाच्या व्हिसाला बारा वर्षं इंग्रजीतून शिकल्याचा पुरावा लागतो. सेमी-इंग्रजीवाल्यांनी फॉर्म भरायच्या आधी हे तपासून घ्या. शाळेचा दाखला काढायला क्लार्कच्या मागं लागावं लागतं, ते आजच सुरू करा.

तुम्ही तिथं सहाय्यक शिक्षक. तास जपानी शिक्षकांचा, तुम्ही त्यांच्या जोडीला. म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या टेबलाशी जाऊन दोनच गोष्टी विचारा: पुस्तकातलं पान कुठलं, आणि माझ्या वाट्याला किती मिनिटं? कुणी म्हणेल, "तुमचं तुम्ही बघा." मग पन्नास मिनिटांची तयारी ठेवा.

शिक्षकांची खोली एकच मोठी, सगळ्यांची टेबलं तिथंच. सकाळी आत शिरताना मोठ्यानं नमस्कार, आणि घरी निघताना "ओसाकी नि शित्सुरेई शिमासु", म्हणजे तुमच्या आधी निघतोय, माफ करा. गुपचूप सटकू नका. परीक्षेच्या आठवड्यात तास नसतात, तरी खुर्चीत बसावंच लागतं. तेव्हा पुढच्या महिन्याच्या वर्कशीट उरकून टाका.

आता वर्ग. चाळीसेक पोरं, सगळी उठून वाकणार, बसणार आणि गप्प. "एनी क्वेश्चन्स?" विचारलंत की तास मेला म्हणून समजा. येत नाही म्हणून गप्प नसतात, चारचौघांत चुकायची लाज असते. एकेकट्याला उभं करू नका. आधी कागदावर लिहू द्या, मग शेजाऱ्याशी एक मिनिट बोलू द्या, आणि मगच जोडीला विचारा.

पहिल्या तासाला ताजमहाल दाखवणारे शंभर भेटतील. तुम्ही खाशाबा जाधव न्या. मी फळ्यावर 'हेलसिंकी, १९५२' लिहायची आणि फोटो दाखवून सांगायची, हे आमच्या राजाराम कॉलेजचे, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग प्रश्न: त्याच गटात सोनं कुणाला? तीन देश, हात वर करा. उत्तर जपान, शोहाची इशिई. मागच्या बाकापर्यंत "एऽऽ" असा आवाज उठतो. त्यानंतर तालमीतल्या लाल मातीचा फोटो. मातीत काय काय घालतात ते मी सांगत होते, हळद, ताक, लिंबू, तेल, तर ज्युडो क्लबमधला एक दांडगा पोरगा हात वर करून गंभीरपणे म्हणाला, "टीचर, दॅट इज करी." सगळा वर्ग फुटला. त्यानंतर प्रत्येक जोडीकडनं तीन प्रश्न लिहून घेतले, एकही कागद कोरा आला नाही.

बॅगेचं थोडक्यात. शाळेत आत वेगळे बूट लागतात, पटकन घालता-काढता येणारे. आपली कोल्हापुरी घरी ठेवा. तिच्या छोट्या की-चेन मात्र डझनानं न्या, स्टाफला वाटायला एक नंबर. हायस्कूलला बहुतेक ठिकाणी डबा आपला आपण आणायचा, म्हणून कांदा-लसूण मसाला न्याच. शाकाहारी असाल तर सांभाळा, साध्या दिसणाऱ्या सूपातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. स्यूडोएफेड्रिनवाल्या सर्दीच्या गोळ्या नेऊ नका, ते दहा टक्क्यांहून जास्त असेल तर तिथं कडक बंदी आहे. पहिला पगार हातात येईपर्यंत भाडं, डिपॉझिट, पडदे, गादी हे सगळं पदरचं, तेवढे पैसे जवळ असू द्यात.

जेटचा करार एका वर्षाचा, वाढवत वाढवत जास्तीत जास्त पाच. पुढच्या वर्षी राहणार का, हे शाळा ऐन हिवाळ्यातच विचारते, मुदत संपायच्या कितीतरी आधी. घरच्यांशी त्याआधी बोलून ठेवा. आमच्या आईनं "आता ये बाई परत" म्हणून फोन केला, तोवर माझी सही होऊन गेली होती.