पाय मुरगळलाय? डॉक्टरला दाखवायला जाताना हे लक्षात ठेवा

पाय मुरगळला की घरातलं कोणीतरी तेलाची वाटी घेऊन चोळायला बसतंच, पण पहिले दोन-तीन दिवस ते अजिबात करू देऊ नका, शेकही नको, त्याने सूज आणखी वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, वरून क्रेप बँडेज आणि पाय उशीवर, बास. पैंजण, जोडवी असतील तर सूज चढायच्या आत काढा. आणि आंबेहळदीचा लेप लावलाच असेल तर निघताना धुवून टाका, काळंनिळं नेमकं कुठे पडलंय ते डॉक्टरला दिसायला हवं.

लंगडत का होईना चार पावलं टाकता येतायत का बघा. नाही आली तर त्याच दिवशी दाखवा. पाय वाकडा दिसतोय, बधिर किंवा गार पडलाय, जखम उघडी आहे, तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीला. डायबेटिसवाल्यांनी दुखत नाही म्हणून घरी बसू नये, त्यांना कधीकधी हाड मोडलेलंही कळत नाही.

सैल पायजमा घालून जा. पाऊल आत वळलं की बाहेर, कट् आवाज आला का, पडल्यावर लगेच उभं राहता आलं का, आधी हाच पाय मुरगळलाय का, हे सगळं न विचारता सांगा. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही, कारण पेनकिलर त्यावर ठरते.

आता खरी तपासणी बोटांनी होते. घोट्याच्या दोन्ही बाजूच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर साधारण 6 सेंमीपर्यंत, मग करंगळीच्या बाजूला पावलाच्या मधोमध जे हाड बाहेर आल्यासारखं लागतं ते, आणि त्याच्यासमोर आतल्या बाजूचं, हे एकेक करून दाबून बघतात. तिथे हाडावरच कळ आली किंवा चार पावलं टाकता येत नसतील तर एक्सरे. ही पद्धत 1992 साली कॅनडातल्या ओटावातून आली, विनाकारण एक्सरे टाळायला. म्हणून नीट दाबून बघून डॉक्टर एक्सरे नको म्हणाले तर हट्ट धरू नका, पण हात न लावता नुसतं लांबून बघून क्रीम लिहून दिलं तर 'एकदा दाबून बघता का' असं सरळ म्हणा. नडगी गुडघ्यापर्यंत चाचपायलाही सांगा, कधीकधी फ्रॅक्चर वर असतं.

एक्सरे नॉर्मल आला म्हणजे हाड बहुधा शाबूत, पण लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, त्यात दिसतच नाही! ते फाटलंय का हे सुजलेल्या, दुखऱ्या पायावर नीट कळत नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी परत जायचंच, सूज उतरली की टाच पुढे ओढून सांधा ढिला झालाय का ते तपासता येतं. ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात आणि मग तोच पाय वारंवार मुरगळत राहतो. तेव्हाच विचारून घ्या, ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) किती दिवस, वजन कधीपासून टाकायचं, एका पायावर उभं राहायचे व्यायाम कधी सुरू करायचे. दीड-दोन महिन्यांनीही दुखत असेल किंवा पाय दगा देत असेल तर एमआरआयबद्दल बोला.