ठाण्यात राहून ऑर्गनिस्ट-कंपोझर व्हायचंय? मग असं करा

आधी पैशाचं बोलून टाकू, कारण घरचे पहिलं तेच विचारणार. नुसतं लिहून घर चालवणारे क्लासिकल कंपोझर जगातच मोजके, म्हणून तर ही जोडी इतकी जुनी आहे: रविवारी चर्चमध्ये ऑर्गन (नळ्यांमधून हवा सोडून वाजणारं मोठं वाद्य, हातापायांनी वाजवायचं) वाजवायचा, आठवडाभर शिकवण्या घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात लिहायचं. फ्रेंच कंपोझर ऑलिव्हिए मेसिआं एवढा मोठा माणूस, पण १९३१ मध्ये पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गनिस्ट म्हणून लागला तो १९९२ मध्ये वारला तोपर्यंत तिथेच होता. (आणि हा माणूस लयीसाठी कुठे गेला, तर आपल्या देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये दिलेल्या १२० देशी तालांकडे. भारीच ना?)

तुम्हाला पेटी येत असेल तर कान तयार आहे, पण डावा हात आजवर भाता मारत होता, त्याला आता स्वतंत्र काम करायचंय, आणि पायांनाही. पेडलबोर्डवर, म्हणजे पायांनी वाजवायच्या कीबोर्डवर, ३० किंवा ३२ पट्ट्या असतात आणि त्या खाली न बघता वाजवायच्या, म्हणून पातळ तळव्याचे, थोडी टाच असलेले बूट घाला, स्पोर्ट्स शूज अजिबात नकोत. सराव करताना आधी नुसते पाय, मग डावा हात आणि पाय एकत्र (खरी रडारड इथेच होते, कारण डावा हात सारखा पायांच्या मागे जातो), आणि उजवा हात सगळ्यात शेवटी. अजून एक गोष्ट म्हणजे पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, आणि बोट उचललं की सूर तिथंच संपला, पियानोसारखं पेडल दाबून सावरून घेता येत नाही, त्यामुळे दाबलेल्या पट्टीवरच गुपचूप बोट बदलायची सवय लावून घ्या.

घरी पाइप ऑर्गन कोण ठेवणार, वन बीएचकेत आपणच मावत नाही! लॅपटॉपवर ऑर्गनचे आवाज काढणारं ग्रँडऑर्ग हे फुकट सॉफ्टवेअर टाका, ६१ पट्ट्यांचा मिडी (कॉम्प्युटरला जोडायचा) कीबोर्ड लावा आणि हेडफोन लावा म्हणजे शेजारच्या काकूही खूश. पेडलसाठी मात्र जवळच्या पॅरिशमध्ये (त्या भागातल्या चर्चमध्ये) जाऊन फादरना सरळ विचारा, गायनवृंदाला साथ करायला माणूस हवाच असतो, त्या बदल्यात सरावाची वेळ मागून घ्या. आणि अधूनमधून ठाण्याहून फास्ट लोकल पकडून सीएसएमटीला उतरा, तिथून चालत फोर्टच्या सेंट थॉमस कॅथेड्रलला जा. दगडी इमारतीत सूर किती वेळ रेंगाळतो ते हेडफोनमध्ये कळतच नाही.

परीक्षा ट्रिनिटीच्या द्या नाहीतर एबीआरएसएमच्या (दोन्ही संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था), दोन्हीकडे ऑर्गनच्या ग्रेड आहेत, फक्त एबीआरएसएमला सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी लागते. परदेशी जायचं डोक्यात असेल तर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांमध्ये ऑर्गन स्कॉलरशिप असतात, त्यांचं वेळापत्रक बारावीच्या आधीपासून बघत राहा.

आता लिहायचं. म्यूझस्कोर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तीन ओळींचा स्कोअर उघडा, दोन हातांना आणि एक पायांना. पहिलं काम सिंफनीचं घेऊ नका, चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी दान गोळा करताना वाजेल असा दोन मिनिटांचा तुकडा लिहा. हे दान गोळा करणं कधी लवकर संपतं, कधी लांबतं, म्हणून दर चार मापांनी (बारनी) थांबता येईल आणि परत मागे वळता येईल अशी रचना करा, यातून फॉर्म (रचनेची बांधणी) जेवढा शिकायला मिळतो तेवढा पुस्तकातून मिळत नाही असं माझं मत. ऑर्गनला श्वास घ्यावा लागत नाही, सूर आपणहून विरतही नाही, त्यामुळे विराम तुम्हालाच लिहावे लागतात, नाहीतर सगळी गिचमिड. स्टॉपही (कुठल्या नळ्यांचा संच वाजणार ते ठरवणारी खुंटी) लिहा, आकडे नळीच्या लांबीचे: ८ फूट म्हणजे लिहिलेलाच सूर, १६ फूट एक सप्तक खाली, ४ फूट एक सप्तक वर. पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगून एखादा सूर अडकून वाजतच राहतो, अशा वेळी तो स्टॉप बंद करून पुढे वाजवत राहायचं.

गायनवृंदासाठी मराठी गीताला चाल दिलीत तर गाणाऱ्यांच्या आवाजाची रेंज आधी विचारा, उगाच वरचे सूर देऊन हौशी गळ्यांचे हाल करू नका. आणि कुणी पैसे देऊन रचना मागितली की मानधन, तारीख आणि हक्क कुणाकडे राहणार हे कागदावर घ्या, ओळखीतलं काम असलं तरी, किंबहुना ओळखीतलं असेल तर आधी घ्या.