कोकणातील उतारावर फळझाडे: कलमाआधी माती

कोकणात फळबागेच्या वाट्याला बहुधा वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीनच येते. खाचरात भात, पाण्याकाठी नारळ-सुपारी, आणि उरलेल्या उतारावर आंबा, काजू व कोकम, अशी ही जुनी वाटणी आहे. या उतारावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण 2,500 ते 3,500 मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत जमीन जवळजवळ कोरडी राहते. एवढ्या पावसाने चुना आणि पालाश (पोटॅश) धुऊन जातात, लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात, आणि त्यामुळे जांभ्याची माती तांबडी व आम्लधर्मी होते; तिच्यात घातलेले स्फुरदही (फॉस्फरस) त्या लोह-ॲल्युमिनियमशी बांधले जाऊन मुळांना सहजी मिळत नाही. म्हणून येथे बागेची तयारी कलमे आणण्यापूर्वी किमान एक पावसाळा आधी सुरू करावी, असे माझे मत आहे.

पहिले काम म्हणजे पातेरा जागेवर राखणे. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, राब भाजण्याच्या पद्धतीत वरकसावरचा पाला, गवत आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या वर्षानुवर्षे खाली खाचरात नेऊन जाळल्या गेल्या, आणि डोंगर उघडा पडला. ज्या उतारावर बाग करावयाची आहे, तेथील पाला यापुढे तेथेच कुजू द्यावा. बांधाच्या कडेने पावसाच्या आरंभी गिरीपुष्पाच्या हातभर लांबीच्या काठ्या खोचाव्यात. त्या सहज रुजतात, आणि पुढच्या वर्षापासून त्यांचा पाला छाटून झाडांच्या बुंध्याभोवती पसरता येतो. हा पाला लवकर कुजतो आणि मातीला नत्र (नायट्रोजन) देतो.

दुसरे काम पाण्याचा वेग मोडण्याचे. हल्ली यंत्राने अख्खा उतार एका दिवसात सपाट करून घेतात. काम झटपट होते खरे, पण वीतभर जाडीची काळपट माती त्यात तळाशी गाडली जाते आणि वर नापीक मुरूम येतो. त्यापेक्षा समपातळीतील रेषेवर प्रत्येक झाडापुरती अर्धचंद्राकृती मजगी (सपाट ओटा) करावी. वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला ओढावी, खालच्या कडेला जांभ्या दगडाचा लहानसा गडगा रचावा, मजगीचा उतार किंचित डोंगराकडे ठेवावा आणि वरून येणारा लोंढा बाजूला वळेल असा चर काढावा. गडग्याच्या कडेला वाळा लावल्यास त्याची खोल मुळे दगड धरून ठेवतात.

आंब्यासाठी 10 मीटर अंतरावर एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये खणावा. काजूला 7 मीटर अंतर आणि याहून लहान खड्डा पुरतो. वरच्या थराची माती वेगळी काढून ठेवावी आणि तीच चांगल्या कुजलेल्या शेणखतात व सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून खड्ड्यात भरावी, कारण शेणखताच्या सोबतीने दिलेले स्फुरद मातीत कमी अडकते. कच्चे शेण घालू नये. त्याने वाळवी येते. खड्डा जमिनीच्या वर थोडा फुगीर भरावा, पहिल्या पावसात तो बसतो. कातळावर सुरुंग लावून खड्डा केला असेल, तर मात्र त्याला उताराच्या बाजूने पाणी जाण्यासाठी वाट फोडलीच पाहिजे, नाहीतर तो खड्डा म्हणजे दगडाची घागर होते आणि श्रावणात मुळे कुजतात.

झाडांची जागा मातीच्या खोलीवरून ठरवावी. माथ्याकडील उथळ जमिनीत काजू तग धरतो, मधल्या उतारावर आंबा येतो, आणि तळाशी, जेथे सावली व ओल टिकते, तेथे कोकम लावावे. कोकमाच्या रोपांतून निम्म्याच्या आसपास नर झाडे निघतात, म्हणून कलमेच घ्यावीत आणि परागीभवनापुरती थोडी नर झाडे राखावीत.

पाऊस स्थिरावल्यावर कलम लावताना सांधा जमिनीच्या वर ठेवावा, काठीचा आधार द्यावा आणि सांध्याखालून फुटणारा खुंटाचा (ज्यावर कलम बांधले त्या रोपाचा) फुटवा वेळोवेळी काढून टाकावा. तो दुर्लक्षित राहिल्यास हापूस मरतो आणि रायवळ वाढतो. रासायनिक खत ऐन पावसाच्या माऱ्यात देऊ नये, ते थेट ओढ्याला मिळते. पावसाने उघडीप दिल्यावर, जमिनीत ओल असताना, विस्ताराच्या कडेखाली उथळ चर काढून त्यात खत द्यावे आणि वरून माती व पातेरा लोटावा. मात्रा मातीपरीक्षणावरून ठरवावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी त्यासाठी उपयोगी पडतात.

पहिले दोन-तीन उन्हाळे कठीण असतात. पाऊस संपताच, ओल असतानाच, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून चार बोटे जाडीचे आच्छादन करावे. पाणी डोक्यावरून आणावे लागत असेल, तर बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके आळ्यात पुरावे आणि ते दर दोन-तीन दिवसांनी भरावे. मात्र हेच सुके आच्छादन वणव्याचे जळण असते. म्हणून गवत वाळण्यापूर्वीच बागेभोवती चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा कापून साफ करावा, कापलेले गवत आत आणून आळ्यांत टाकावे आणि शिमग्यापूर्वी तो पट्टा पुन्हा एकदा झाडून घ्यावा.