मोठ्या प्रकल्पाची निविदा काढण्यापूर्वी

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि चालू दरसूचीवर आधारलेले अंदाजपत्रक यांच्याविना संचिका पुढे सरकतच नाही, म्हणून त्यांविषयी येथे काही लिहीत नाही. जागेचे तसे नाही, कारण जागा ताब्यात नसतानाही निविदा निघू शकते. आमच्या मागच्या कामात नेमके तेच झाले. कार्यादेश दिला गेला, कंत्राटदाराची यंत्रसामग्री येऊन उभी राहिली आणि जोडरस्त्याच्या टोकाची पट्टी दुसऱ्याच प्राधिकरणाच्या मालकीची निघाली.

म्हणून आखणीत येणाऱ्या प्रत्येक नगर भूमापन क्रमांकासमोर मालकाचे नाव, मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) ताजी प्रत, संयुक्त मोजणीची तारीख आणि ताब्याची आजची स्थिती लिहून काढावी. मुंबईत एकाच पुलाच्या आखणीत महापालिका, रेल्वे, म्हाडा, बंदर प्राधिकरण, मिठागरे आणि खासगी मालक अशा सर्वांच्या जमिनी येऊ शकतात. ‘ना-हरकत लवकरच मिळेल’ हे बैठकीच्या इतिवृत्तातील वाक्य ताबा पावतीच्या जागी कृपया लावू नये. कांजूरमार्ग येथील 102 एकर जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी देण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये स्थगित केला, कारण त्या मिठागराच्या जमिनीवर केंद्र सरकारनेही हक्क सांगितला होता. धारावी पुनर्विकासाच्या 2018 च्या निविदेत सर्वोच्च बोली आल्यानंतर रेल्वेची सुमारे 45 एकर जमीन प्रकल्पात घेण्याचा प्रश्न आला. ती निविदा रद्द होऊन 2022 मध्ये नवी काढली गेली आणि त्यावरील याचिकेचा निकाल उच्च न्यायालयात डिसेंबर 2024 मध्ये लागला. जमिनीची व्याप्ती बोलीनंतर बदलली की बोलीचा पायाच बदलतो, हे निविदा समितीतील प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

परवानग्यांनाही हाच नियम लावावा. कांदळवन तोडावे लागणार असेल तर, उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर, सार्वजनिक प्रकल्पालाही त्याच न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि तिला लागणारा वेळ कामाच्या मुदतीत धरून चालत नाही. सागरी किनारा रस्त्याची किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये रद्द केली, तेव्हा काम सुरू झालेले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये त्या निकालाला स्थगिती देईपर्यंत ते अडून राहिले. वृक्ष प्राधिकरणाची मंजुरीही आधीच मागावी. राष्ट्रीय महामार्गांच्या आदर्श ईपीसी करारात (आराखडा, खरेदी आणि बांधकाम एकाच कंत्राटदाराकडे देणारा करार) 90 टक्के जागा सुरुवातीसच देण्याची अट आहे. आपल्या करारात असा आकडा घालताना तो आपण पाळू शकतो का, हे मोजणी नकाशावर तपासावे. जागा वेळेवर दिली नाही तर मुदतवाढ द्यावी लागते, रिकाम्या उभ्या यंत्रांचे दावे येतात आणि विलंबाचा दंड लावण्याचा आपला अधिकारही दुबळा होतो. पुन्हा सांगतो, ताबा पावती आधी, जाहिरात नंतर.

भूमिगत जलवाहिन्या आणि केबल यांच्या जुन्या नकाशांवर विसंबू नये. चाचणी खड्डे खणून घ्यावेत आणि वाहिन्या हलवण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा.

पात्रतेच्या अटी कोणा एकाच्या मापाच्या वाटू नयेत. निविदेचा अर्थ लावण्याचा पहिला अधिकार ती काढणाऱ्याचा, असे सर्वोच्च न्यायालयाने नागपूर मेट्रोच्या प्रकरणात 2016 मध्ये म्हटले. परंतु अट संदिग्ध ठेवून त्या आधारावर निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. निविदापूर्व बैठकीतील प्रत्येक उत्तर शुद्धिपत्रकाने सर्वांना द्यावे. तांत्रिक लिफाफ्यात बाद झालेल्यास आर्थिक लिफाफा उघडण्यापूर्वी कारणांसह कळवावे. ठाणे-घोडबंदर ते भाईंदर मार्गाच्या निविदांत हा वाद 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एमएमआरडीएने त्या निविदा रद्द केल्या. विशिष्ट अनुतोष कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीमुळे पायाभूत प्रकल्पांविरुद्ध मनाई हुकूम मिळणे अवघड झाले, हे खरे. मात्र जी जागा आपली नाही, ती या दुरुस्तीने आपली होत नाही.

भाववाढीचे कलम, बयाणा आणि अनामत रकमेची बँक हमी, तिची वैधता, दोषदायित्व कालावधी (काम संपल्यावर दोष कंत्राटदाराने स्वतः दुरुस्त करण्याची मुदत): नेहमीचे तपासावे. हमी खरी असल्याची खातरजमा बँकेकडून थेट करावी. लवाद ठेवायचा की न्यायालय, हे विधी विभागाकडून लेखी घ्यावे. कार्यादेशाला ताबा पावत्यांच्या प्रती जोडाव्यात; एकही कमी असेल तर स्वाक्षरी करू नये.