स्क्रोल सॉ आणायला जाण्याआधी

स्क्रोल सॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक उभ्या ब्लेडने लाकडात नक्षी कापायचं टेबलावरचं मशीन, घ्यायचं मनात पक्कं झालं असेल, तर दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा. पहिल्या वर्षभरात या मशीनवर काय काय कापायचं आहे ते लिहून काढा: देवघराची जाळी, दारावरची नावाची पाटी, मुलांसाठी लाकडी कोडी, 2018 च्या बंदीनंतर थर्माकोल सुटलं म्हणून आता प्लायवूडचं करायचं ठरवलेलं मखर. प्रत्येकापुढे लाकडाची जाडी लिहा, सगळ्यांत लांब बाजू लिहा आणि आतून कापायची भोकं किती आहेत तेही मोजून लिहा. हा तिसरा आकडा दुकानदार विचारणार नाही. पण कोणतं मशीन घ्यायचं हे माझ्या मते सगळ्यांत जास्त तोच ठरवतो.

कारण असं की जाळीतलं प्रत्येक भोक चारी बाजूंनी बंद असतं. आधी ड्रिलने छिद्र पाडायचं, ब्लेडचं वरचं टोक सोडवायचं, छिद्रातून ओवायचं, पुन्हा पकडीत बसवायचं, ताण द्यायचा, मग कापायचं, आणि पुढच्या भोकासाठी हे सगळं परत. 120 भोकांची जाळी असेल आणि या काढघालीला दर वेळी एक मिनिट लागत असेल, तर दोन तास नुसते त्यातच जातात. तेच 15 सेकंदांत होत असेल तर अर्ध्या तासात भागतं. म्हणून मशीनसमोर उभं राहिल्यावर पहिली नजर वरच्या पकडीवर टाका. ती बोटांनी फिरवायच्या नॉबने आवळते, की दर वेळी ॲलन की (षटकोनी किल्ली) शोधावी लागते? ताणाची खिट्टी पुढे हाताशी आहे, की मागच्या टोकाला वाकून गाठावी लागते? वरचा दांडा उचलून तसाच थांबतो का? प्लग काढायला सांगा आणि ब्लेड स्वतःच्या हाताने चार-पाचदा काढून घालून बघा. दुकानातला माणूस ते रोज करतो, त्याच्या हाताने सगळंच सोपं दिसतं. ताण दिल्यावर ब्लेडला बोटाने हलकेच छेडा. स्पष्ट, टणक आवाज आला पाहिजे आणि ब्लेड पकडीतून सरकता कामा नये.

इथेच पिनवाली (टोकांना आडवी पिन असलेली) ब्लेडं की बिनपिनांची हा प्रश्न निकाली काढा. स्वस्त मशीनपैकी काहींत फक्त पिनवाली ब्लेडं बसतात. ती बदलायला सोपी हे खरं, पण आडवी पिन आत जायला चार-पाच मिलिमीटरचं भोक लागतं. मोठ्या कमानीला ते चालतं, पण नावाच्या पाटीवर ‘व’ किंवा ‘ष’च्या पोटातली जागा कापायची असेल तर भोकच अक्षर खाऊन टाकतं. बिनपिनांचं बारीक ब्लेड, म्हणजे 2/0 नंबरचं, एक मिलिमीटरच्या छिद्रातूनही आरामात जातं. दोन्ही प्रकार घेणारं मशीन मिळालं तर उत्तम, पण एकच निवडायचं झालं तर बिनपिनांचं घ्या, यात मला जराही शंका नाही. या ब्लेडांची लांबी साधारण पाच इंच, म्हणजे 127 ते 130 मिलिमीटर असते. सोनारकामाच्या करवतीची ब्लेडंही त्याच लांबीची आणि बिनपिनांची असतात. त्यामुळे सोनारांना हत्यारं पुरवणाऱ्या दुकानात चौकशी करून ठेवलीत, तर बारीक कामासाठी आणि पितळेच्या पातळ पत्र्यासाठी जवळच सोय होते. पितळ कापताना वेग मात्र अगदी कमी ठेवायचा.

दुसरी परीक्षा थरथरीची. खिशात एक जुनं, जाड पाच रुपयांचं नाणं ठेवा. मशीन बाकाला घट्ट आवळलेलं असेल तर नाणं टेबलावर कडेवर उभं करा आणि वेग हळूहळू वाढवत न्या. काही मशीनं अगदी कमी आणि अगदी जास्त वेगाला शांत असतात, पण मधेच कुठेतरी अंगात आल्यासारखी थरथरतात. नेमक्या त्याच वेगाला आपलं बरंचसं काम असतं. नाणं पूर्ण वेगभर उभं राहिलं तर मशीन चांगलंच आहे. एखाद्याच ठिकाणी पडलं तर तो वेग टाळता येईल का ते बघा. ओतीव लोखंडाचं बूड जड असतं, गॅलरीत उचलून न्यायला त्रास होतो, तरी तेच घ्या, कारण थरथर तेच गिळतं.

नाण्याबरोबर एक छोटा गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) आणि जाड लाकडाचा तुकडाही न्या. मशीन बंद असताना, शक्य असेल तर हाताने फिरवून ब्लेड वर-खाली करा आणि गुण्या लावून समोरून व बाजूने बघा. बाजूने पाहताना ब्लेड किंचित पुढे-मागे होणं बहुतेक मशीनांत असतं, ते फार असेल तर तीव्र वळणं नीट येत नाहीत. डावी-उजवीकडे मात्र ते हलता कामा नये. मग जाड तुकड्यात समोरून थोडीशी खाच मारा, मशीन थांबवा, तुकडा फिरवून ब्लेडच्या मागच्या बाजूने तीच खाच ब्लेडवर सरकवा. अलगद बसली, तर टेबल आणि ब्लेड काटकोनात आहेत. न बसल्यास टेबल जुळवून पुन्हा तपासा. टेबलाखालच्या अंशांच्या पट्टीवर विसंबू नका, शून्याजवळ ती सहसा ढोबळ असते. जडावकामासाठी, म्हणजे एका लाकडात दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवायला, एक-दोन अंशांचा कल लागतो, तिथे ढोबळपणा लगेच दिसतो.

बाकीचे आकडे पटकन उरकता येतात. ब्लेडपासून मागच्या दांड्यापर्यंतचं अंतर 16 इंच असेल तर घरच्या कामाला पुरतं, मोठं मखर दोन-तीन भागांत कापून जोडता येतं. वहीतली सगळ्यांत लांब बाजू वारंवार याच्यापुढे जात असेल, तरच 20 इंची बघा. वेग कमीजास्त करता आलाच पाहिजे, मिनिटाला 400 ते 1600 च्या आसपास फेरे पुष्कळ. मोटर किती वॅटची आहे याकडे फार बघू नका, या कामाला 90-120 वॅट पुरतात. 50 मिलिमीटर जाडी कापते असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी निवांत, सुबक काम 20-25 मिलिमीटरपर्यंतच होतं.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाबरोबर मशीन मागवायचा बेत असेल तर थांबा. तिथली मशीनं 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालतात, आपल्याकडे 230 आणि 50. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ बदलत नाही, आणि काही मोटरी त्यामुळे संथ चालतात, तापतात. शिवाय पकडीचे स्क्रू झिजले की सुटे भाग आणायचे कुठून? इथे घेतानाही हेच विचारा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची इतकी दुकानं शेजारी शेजारी आहेत की चार ठिकाणी विचारल्याशिवाय निघू नये. पकड, स्विच आणि भुसा उडवायच्या फुंकणीची नळी हे तिन्ही सुटे मिळतात का, हे बिल करण्याआधी ऐकून घ्या.

घरातली जागा आधीच ठरवा. फ्लॅटमध्ये आवाजापेक्षा थरथर त्रासदायक, ती फरशीतून खालच्या घरात पोचते. जड टेबल, पायांखाली जाड रबर आणि मशीन बोल्टने आवळलेलं, एवढं असलं की शेजारी तक्रार करत नाहीत. बसून काम करताना मशीनचं टेबल कोपराच्या किंचित खाली यावं. अर्थिंग असलेला तीनपिनी प्लग जवळ हवा. पायाने दाबायचा स्विच वेगळा मिळतो, तो जरूर घ्या, म्हणजे दोन्ही हात लाकडावर राहतात. एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात रेझिन, म्हणजे चिकटवणारा डिंकही असतो, म्हणून एन95 मास्क आणि चष्मा पहिल्या दिवसापासूनच.

मशीनच्या बिलातच ब्लेडं धरा, कारण खोक्यात येणारी बहुधा सुमार असतात. 2, 5 आणि 7 नंबरची (नंबर मोठा तसं ब्लेड जाड) प्रत्येकी एक डझन आणा, त्यातली 5 नंबरची उलट दात्यांची घ्या. त्यांचे खालचे काही दाते वर तोंड करून असतात, त्यामुळे प्लायवूडची खालची बाजू फाटत नाही. ब्लेड सगळ्यांत वर असताना असे दोन-तीनच दाते टेबलाच्या वर दिसतील इतपत ते बसवायचं. सोबत बारीक ड्रिल बिट, नक्षीच्या कागदावर लावायला रुंद पारदर्शक चिकटपट्टी (ती लावली की शिसवासारखं लाकूड कमी जळतं) आणि पावसाळ्याआधी लोखंडी टेबलावर चोळायला मेणाची एक डबी. कोकणात राहत असाल तर मेण जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये लावा.