आपत्कालीन इंट्युबेशनची तयारी : या चुका टाळा

इंट्युबेशन म्हणजे श्वास देण्यासाठी तोंडातून श्वासनलिकेत ट्यूब घालणे. कॅज्युअल्टीत धाप लागलेला रुग्ण आला की सगळ्यांचे लक्ष लॅरिंजोस्कोपकडे, म्हणजे घसा पाहण्याच्या ब्लेड असलेल्या उपकरणाकडे, जाते. प्रत्यक्षात इंट्युबेशन बिघडते ते बहुधा ब्लेड तोंडात जाण्यापूर्वीच्या चार-पाच मिनिटांत.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सॅच्युरेशन (रक्तातील प्राणवायूचे प्रमाण) 98 टक्के दिसताच प्राणवायू देणे आटोपते घेणे. तो आकडा रक्ताचा असतो, फुप्फुसांतील साठ्याचा नव्हे. तो साठा भरण्यासाठी घट्ट बसलेल्या मास्कमधून किमान 3 मिनिटे श्वसन व्हावे लागते. सपाट निजवलेल्या स्थूल किंवा गर्भवती रुग्णाचे सॅच्युरेशन श्वास थांबताच झपाट्याने घसरते, म्हणून डोक्याकडची बाजू 20 ते 30 अंश उचलावी आणि नाकातील नळीने प्राणवायू प्रयत्न सुरू असतानाही चालू ठेवावा.

रक्तदाबाकडे दुर्लक्ष करणे माझ्या मते याहून घातक आहे. शॉकमधील, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या, रुग्णाला प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाची नेहमीची मात्रा दिली आणि लगेच दाबाने श्वास देणे सुरू केले, तर हृदयाकडे परतणारे रक्त घटून हृदय बंद पडू शकते. सलाइन आणि रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन आधीच जोडून ठेवावे, केटामाइनसारख्या भूल देणाऱ्या औषधाची मात्रा कमी करावी. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची मात्रा मात्र कमी करू नये, कारण रक्ताभिसरण मंद असताना त्याचा परिणाम आधीच उशिरा होतो.

तोंडातील स्राव ओढून घेणारी सक्शनची नळी भिंतीला लावलेली दिसते म्हणून ती चालते असे गृहीत धरू नये. ती चालू करून उशीखाली ठेवावी. बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आणि नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान मापाची ट्यूब हाताशी असावी. पहिला प्रयत्न फसल्यास काय करायचे, कोणत्या सॅच्युरेशनला थांबायचे आणि गळ्यातून मार्ग करण्याचे स्कॅल्पेल कोठे आहे, हे औषध देण्यापूर्वी मोठ्याने सांगावे. मनातल्या मनात केलेली योजना नर्सला ऐकू येत नाही.

ट्यूब श्वासनलिकेत गेल्याची खात्री स्टेथोस्कोपवर सोडू नये, कॅप्नोग्राफचा, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा, सलग आलेख पाहावा. ब्रिटनमधील 2011 च्या राष्ट्रीय पाहणीत अतिदक्षता विभागातील श्वासमार्गाशी निगडित मृत्यूंपैकी 70 टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफ न वापरणे कारणीभूत ठरले असावे, असे आढळले होते. आलेख सपाट असेल, तर अन्य कारण सिद्ध होईपर्यंत ट्यूब अन्ननलिकेत आहे असेच समजावे.

नंतर सॅच्युरेशन घसरल्यास व्हेंटिलेटरची बटणे फिरवत बसू नये. रुग्णाला त्यापासून सोडवून अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) श्वास द्यावा आणि ट्यूब सरकली आहे का, कफाने तुंबली आहे का, छातीत हवा साठली आहे का, हे क्रमाने तपासावे.